सहा पोती आणि एक भाऊजी

माझ्या ताईचे यजमान लिफ्ट दुरुस्त करतात आणि मी त्याच कंपनीत तक्रारींचे फोन घेते. मी त्यांना भाऊजी म्हणते, म्हणून लंबू वायरमनही भाऊजी म्हणतो, लंबू म्हणतो म्हणून मालक म्हणतात, आणि आता तर अडकलेल्या लिफ्टमधली माणसंसुद्धा आतून "भाऊजींना पाठवा" असं ओरडतात. माझ्या एका बहिणीच्या लग्नातून अख्ख्या शहराला एक नातेवाईक मिळाला, त्याचे आभार कोणी मानलेले नाहीत.

भाऊजी अंगानं चांगलेच ऐसपैस. दोघांच्या बाकावर ते बसले की शेजारी फक्त त्यांच्या हत्यारांची पिशवी मावते. पण लिफ्टच्या शाफ्टमध्ये शिरले की हाच माणूस मांजराच्या पावलांनी वावरतो. लिफ्टच्या टपावर बसून, टॉर्च दातात धरून ते दोराला कान लावतात आणि सांगतात, "चौथ्या मजल्याजवळ रूळ कोरडा पडलाय." घरी ताईनं मारलेली हाक मात्र त्यांना दोन-तीनदा मारल्याशिवाय ऐकू येत नाही.

लिफ्टमध्ये एक घंटा असते, हे तुम्हाला ठाऊकच असेल. ठरल्यापेक्षा जास्त भार चढला की ती बोंबलते आणि दार लागत नाही. ही घंटा बसवायची तर आत नेमका तेवढा भार ठेवून स्क्रू पिळावा लागतो. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी लोखंडी वजनं असतात. आमच्याकडे वाळूची पोती आहेत, आणि पोती वाहायची हौस कोणालाच नाही. म्हणून फार पूर्वी भंगारवाल्याच्या काट्यावर भाऊजींना उभं केलं, एकशे अठरा किलो भरले, आणि तेव्हापासून आठ माणसांच्या लिफ्टला सहा पोती आणि एक भाऊजी हे आमच्या कंपनीचं माप ठरलं. भाऊजी पोत्यांच्या मधोमध श्वास रोखून उभे राहायचे, लंबू स्क्रू पिळायचा आणि घंटा वाजली की भाऊजी समाधानानं म्हणायचे, "बसली." दर वर्षी भंगारवाल्याचा काटा एकशे अठराच दाखवायचा. या बाबतीत भाऊजी दगडापेक्षा पक्के होते.

एकदाच घोळ झाला होता. उंदरानं एका पोत्याला भोक पाडलं आणि वाळू जिनाभर सांडत गेली. त्या हलक्या पोत्यावर बसवलेली घंटा मग आठव्या माणसाला आत पाऊलच टाकू देईना. आम्ही पोतं शिवलं, घंटा पुन्हा बसवली आणि ती गोष्ट विसरून गेलो. तुम्ही मात्र विसरू नका.

घंटा नीट बसली की त्या इमारतीची माणसं आम्हाला बाहेर जेवायला नेतात. याला आमच्यात घंटेचं जेवण म्हणतात. लिफ्टवाल्यांचा समज असा की वजन म्हणून उभा राहिलेला माणूस भरल्या पोटी गेला नाही, तर ती लिफ्ट लवकरच अडकते. इमारतवाल्यांनाही हे कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं. त्यामुळे ते हॉटेलात समोर बसून भाऊजींच्या ताटावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. कागदांवर सह्या घ्यायला मी बरोबर असतेच. भाऊजींनी मनसोक्त जेवावं, ढेकर द्यावी आणि इमारतवाल्यांचा जीव भांड्यात पडावा, असं सगळं सुखानं चाललं होतं.

मग विम्याचा माणूस आला. त्यानं शाफ्टमध्ये उतरणाऱ्यांसाठी नवे पट्टे आणले आणि नियम सांगितला. पट्टा शंभर किलोपर्यंतच्या माणसाचा. पट्ट्याशिवाय शाफ्टमध्ये जायचं नाही आणि शंभरच्या आत असल्याशिवाय पट्टा मिळायचा नाही. मालकांनी भाऊजींना तीन महिने दिले. "तोवर पाहू आपण. नाहीच जमलं तर इथं बसून फोन घ्या," ते म्हणाले. मालक तसे भले गृहस्थ, पण त्यांना सगळ्याची आधीच घाई. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या टेबलाशेजारी एक नवीकोरी, चांगली रुंद खुर्ची आणून ठेवली. अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली.

भाऊजी तिच्याकडे बघत उभे राहिले. "या खुर्चीत बसून मी काय ऐकायचं?" त्यांनी मला विचारलं. "इथं दोर कुठाय?" मला गलबलून आलं. आणि गलबलून आलं की मी चिडते. "मग कमी जेवा ना!" मी खेकसले.

ताईनं त्यांना आहारवाल्या बाईंकडे नेलं. बाईंनी घरच्या जेवणाचं सांगितलंच, पण भाऊजींचं खरं दुखणं होतं बाहेरचं जेवण. त्यावर बाईंनी सांगितलं, आधी पाणी प्या, सूप घ्या, तळलेलं टाळा, अर्धं ताट आधीच बाजूला काढा, सावकाश चावा. असल्या सूचना दुसऱ्या कोणी ऐकून सोडून दिल्या असत्या. भाऊजींनी त्या कामाच्या पद्धतीसारख्या घेतल्या. लिफ्टच्या कामात पहिला नियम म्हणजे आधी वीज बंद करायची, बटणावर स्वतःचं कुलूप घालायचं, पाटी लावायची आणि मगच हात घालायचा. हॉटेलातही त्यांनी तेच सुरू केलं.

पहिल्याच घंटेच्या जेवणाला वेटरनं तळलेल्या बटाट्यांची थाळी मधोमध ठेवली. भाऊजींनी पिशवीतून लाल पाटी काढली आणि थाळीच्या कडेला अडकवली. 'दुरुस्ती चालू आहे. वापरू नये.'

वेटर गांगरला. "साहेब, बटाट्यात काही बिघाड आहे का?"

"बटाट्यात नाही. माझ्यात आहे," भाऊजी म्हणाले. "मी सांगेपर्यंत ही पाटी कोणीही काढायची नाही."

मग त्यांनी लोण्याची वाटी हत्यारांच्या पेटीत ठेवली, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. सूप आलं तेव्हा ते प्यायच्या आधी त्यांनी चमच्यानं वाटीवर टकटक केलं आणि कान लावला. सवयीचा भाग. "मलई आहे," त्यांनी निदान केलं आणि सूप परत पाठवलं. उकडलेल्या भाज्या आल्यावर निम्म्या बाजूला काढल्या आणि उरलेल्या इतक्या सावकाश चावल्या की शेजारच्या टेबलावर दोनदा माणसं बदलली.

हे सगळं समोर बसलेले इमारतीचे सेक्रेटरी पाहत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. "भाऊजी, आमच्याकडे सहावा मजला आहे हो," ते काकुळतीनं म्हणाले. "माझी आई सहाव्यावर राहते. तुम्ही असे उपाशी गेलात आणि लिफ्ट अडकली तर?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी बटाट्यांकडे पाहिलं. "वजनाच्या घरचं माणूस जेवलं तरी चालतं," मी सेक्रेटरींना सांगितलं. असा कुठलाही समज लिफ्टवाल्यांत नाही, तो मी त्याच क्षणी काढला. पण सेक्रेटरींना तो पटला, त्यांनी बटाटे माझ्याकडे सरकवले आणि लाल पाटी भाऊजींच्या बाजूला फिरवून ठेवली. तेव्हापासून प्रत्येक घंटेच्या जेवणाला भाऊजींच्या वाट्याचं मी खाऊ लागले. सहाव्या मजल्यावरच्या एका म्हातारीसाठी मी केकचे दोन तुकडे खाल्ले आहेत, हे माझ्या नावावर पुण्य म्हणून कुठंतरी जमा व्हायला हरकत नाही.

पण घरी वेगळंच चाललं होतं. भाऊजी कामावरून यायचे, हातपाय धुवायचे, टेबलाशी बसायचे आणि ताईनं ताट मांडलं की म्हणायचे, "थोडंच वाढ. भूक नाही." भूक असायची. कडकडून असायची. पण दुपारचं हॉटेलातलं अर्धं ताट आहारवाल्या बाईंच्या योजनेत दिवसाच्या हिशेबात धरलेलं, आणि ताईच्या हातचा एक घास खाल्ला की आपण थांबणार नाही, याची त्यांना धास्ती. हे त्यांनी ताईला सांगायला हवं होतं. पण दोराशी तासन्‌तास बोलणारा हा माणूस बायकोसमोर मुका होतो.

ताईनं तिचा अर्थ लावला. "हे बाहेरून चापून येतात," ती मला म्हणाली.

"नाही गं ताई. मी स्वतः समोर असते. ते भाज्या खातात."

"आणि तू?"

मी खांद्यावरून ओढणी ओढली. माझा ड्रेस खांद्यावर उसवला होता आणि तो तिनंच शिवून दिला होता.

"तूही सामील आहेस," ताई म्हणाली. "दोघं मिळून हादडता आणि मला भाज्यांच्या गोष्टी सांगता. मी इथं एवढं रांधते, यांना बघवतसुद्धा नाही ते."  रागापेक्षा तिच्या आवाजात दुःख जास्त होतं. मी म्हटलं, वजन करून बघू. पण भाऊजी घरच्या काट्यावर पाय ठेवायला तयार नाहीत. "त्याच्या पोटात स्प्रिंग आहे," ते म्हणतात. "स्प्रिंगवर माझा विश्वास नाही. मी रोज बदलतो त्या." आणि भंगारवाला तर तोवर दुकान मुलाला देऊन काट्यासकट गावाला गेला होता, मुलानं तिथं मोबाइलची कव्हरं लावली होती. त्यामुळे भाऊजी किती भरतात, हे जगात कोणालाच माहीत नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात माझा फोन खणखणू लागला.

आधी एका वकिलांच्या ऑफिसातून. तिथले आठ कारकून वर्षानुवर्षं एकाच लिफ्टनं एकदम वर जायचे. आता आठव्यानं पाय ठेवला की घंटा. पहिल्या दिवशी सर्वांत नवा उतरला. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, मीच का, जो जाड तो उतरेल. जाड कोण यावर सकाळभर खल झाला आणि शेवटी आठही जण जिन्यानं गेले. मग एका रहिवासी इमारतीतून एक बाई रडत बोलल्या. त्यांचे सासरकडचे सात जण आत होते, त्या चढल्या आणि घंटा झाली, आणि सासूबाई नुसत्या "हं" म्हणाल्या. "एवढंच म्हणाल्या हो, हं! तुम्ही माणूस पाठवा नाहीतर मी माहेरी जाते." एका बँकेच्या वरच्या मजल्यावर तर सगळ्यांनी मिळून दुपारचं जेवण बंद केलं होतं. तरी घंटा थांबेना, कारण घंटेला त्यांच्या जेवणाशी काही देणंघेणं नव्हतं. खालच्या हॉटेलवाल्यानं मला फोन करून शिव्या घातल्या.

मालक घाबरले. त्यांनी भाऊजींना, लंबूला आणि मला समोर उभं केलं. "आपण हल्ली घंटा बसवलेल्या लिफ्ट लवकर ओरडतायत," ते म्हणाले. "कारण सरळ आहे. भाऊजी जड झालेत. त्यांचा भार वाढला, लिफ्टवर ताण आला, ती कावली आणि लवकर ओरडायला लागली."

लंबूनं मान डोलावली. मीही डोलावली, लाज वाटते सांगायला. ऐकायला इतकं सोपं आणि बरोबर वाटत होतं ते. सगळ्यात वाईट म्हणजे भाऊजींनीही डोलावली.

"उकडलेल्या भाज्यांनी वजन वाढतं का?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"ते मला माहीत नाही," मालक म्हणाले. "उद्यापासून खुर्चीवर बसा."

त्या दुपारी एक घंटेचं जेवण बाकी होतं, आधीच कबूल केलेलं. लंबूही बरोबर होता. वेटरनं बटाट्यांची थाळी ठेवली. भाऊजींनी पिशवीत हात घातला, पाटी अर्धी बाहेर काढली आणि परत आत टाकली. मग त्यांनी एक बटाटा उचलला. इतक्या आठवड्यांत पहिला. त्यांचे डोळे भरले होते. "खाल्लं तरी तेच, नाही खाल्लं तरी तेच," ते म्हणाले. "निदान चव तरी कळू दे."

मी हताश होऊन खाली बघत होते. त्यांनी पेटी ओढताना कमरेचा हत्यारांचा पट्टा सैल होऊन कमरेखाली घसरला आणि त्यांनी तो नेहमीसारखा वर ओढला. हा चाळा ते गेले कित्येक दिवस करत होते. मी हजारदा पाहिला होता. आतली वाळू कमी झाली की पोत्याचं तोंड असंच लोळागोळा होतं. आणि एकदम मला ते पोतं आठवलं.

"खाली ठेवा!" मी ओरडले. सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. "भाऊजी, तो बटाटा खाली ठेवा! उंदरानं पोतं फोडलं होतं तेव्हा लिफ्ट कशी वागली होती?"

"लवकर ओरडली होती."

"का?"

"पोतं हलकं झालं होतं म्हणून. आपण कमी भारावर घंटा..." भाऊजी थांबले. लंबूचा चमचा सूपमध्ये पडला.

"आत्ता सहाही पोती शिवलेली आहेत," मी म्हटलं. "मग गळतंय कोण?"

भाऊजींनी बटाटा थाळीत ठेवला, पिशवीतून पाटी काढली आणि थाळीला अडकवली.

मालकांना हे तीनदा समजावावं लागलं आणि तरी त्यांनी पुरावा मागितला. पुराव्यासाठी एकच जागा होती, ती म्हणजे बाजाराजवळच्या कापडाच्या गोदामाची लिफ्ट. योजना सुरू व्हायच्या आधी बसवलेली ती शेवटची घंटा, म्हणजे जुन्या, पूर्ण भाऊजींवर बसवलेली. आणि तिथून तक्रार आलेली नव्हती. आम्ही सहा पोती आत ठेवली. भाऊजी हत्यारांचा तोच पट्टा लावून मधोमध उभे राहिले. पूर्वी या भारावर घंटा वाजायची. आता लिफ्ट गप्प होती.

शेजारच्या वाण्याकडून लंबूनं किलोकिलोची वजनं आणली. हिशेब मालकांनीच सांगितला. जेवढी वजनं टाकल्यावर घंटा वाजेल, तेवढे भाऊजी कमी झालेत. अठरा वजनांपर्यंत वाजली तर भाऊजी अजून शंभराच्या आत नाहीत, आणि खुर्ची पक्की.

लंबू एकेक वजन आत ठेवू लागला. दहा झाली. लिफ्ट गप्प. भाऊजींनी डोळे मिटले होते आणि मान थोडी तिरपी केली होती, वरचा दोर ऐकत असावेत. पंधरा झाली.  सोळा. सतरा. अठरावं वजन लंबूनं इतकं अलगद ठेवलं की जणू खाली तान्हं बाळ झोपलंय.

घंटा कर्कश वाजली.

भाऊजींचा चेहरा पांढरा पडला.  मग लंबू ओरडला, "मालक, पाय!" मालक बघण्याच्या नादात पुढे सरकले होते आणि त्यांचा एक बूट लिफ्टच्या आत होता. त्यांनी पाय मागे घेतला. घंटा थांबली. सगळ्यांनी मालकांच्या पोटाकडे पाहिलं आणि मालकांनी कोटाचं बटण लावलं.

लिफ्ट गप्प होती. अठरा वजनांवर गप्प. लंबूनं एकोणिसावं ठेवलं तेव्हा ती वाजली आणि तिच्याइतक्याच जोरात आम्ही ओरडलो.

"बसली," भाऊजी म्हणाले आणि पोत्यावर मटकन बसले.

मालकांनी लगेच शाफ्टमध्ये उतरायचा पट्टा दिला आणि लगेच काळजीतही पडले. सगळ्या घंटा पुन्हा बसवायच्या होत्या आणि त्यासाठी माप जुनंच हवं होतं. शेवटी ठरलं की वाण्याची एकोणीस वजनं विकत घेऊन एका जाड पिशवीत भरायची आणि भाऊजींनी चाचणीला ती हातात धरून उभं राहायचं. अजून बारीक झाले तर पिशवीत भर घालायची. आता आमचं माप सहा पोती, एक भाऊजी आणि एक पिशवी असं आहे. घंटा नीट झाल्यावर वकिलांचे आठ कारकून एकत्र वर गेले आणि आपण सगळे बारीक झालो म्हणून त्यांनी केक कापला. ती रुंद खुर्ची दुकानदार परत घेईना. तिचं प्लास्टिक मी फाडलं. मला ती बरोबर होते, आणि यावर कोणी बोललेलं मला चालत नाही.

त्या संध्याकाळी मी भाऊजींबरोबर त्यांच्या घरी गेले. भाऊजींनी पिशवी दारात ठेवली आणि हातपाय धुवायला गेले. ताई स्वयंपाकघरातून आली. "हे काय वाटेत टाकलंय?" म्हणत तिनं पिशवी एका हातानं ओढली. पिशवी हलली नाही. तिनं पदर खोचला, दोन्ही हात लावले, ती जेमतेम वीतभर उचलली आणि धप्पकन खाली ठेवली.

"अगं, काय आहे यात?"

"भाऊजी," मी म्हटलं. "बाहेर जेवताना टाकून आलेले."

मी तिला सगळं सांगितलं. पोतं, घंटा, अठरावं वजन, मालकांचा बूट. ताई हसली नाही. ती उंबऱ्यावर पिशवीशेजारी बसली आणि पिशवीवरून हात फिरवत राहिली. "भूक नाही म्हणायचे रोज," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्या हातचं नकोसं झालं." आणि तिला रडू आलं.

भाऊजी तोंड पुसत बाहेर आले. तिला तशी बसलेली पाहून आधी गोंधळले. मग वाकून त्यांनी पिशवी उचलली. "राहू दे, मी ठेवतो," ते म्हणाले. "आजवर मीच वाहत होतो." भिंतीपाशी ठेवून ते वळले, तेव्हा त्यांना धाप लागली होती.

ताईनं डोळे पुसले आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं, बहुतेक कित्येक आठवड्यांनी.

"अहो," तिनं विचारलं, "भूक आहे?"

"आहे," भाऊजी म्हणाले.